शिस्तभंगाची फाइल : विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती विद्यापीठाने आणि महाविद्यालयाने कशी हाताळावी

परीक्षेत गैरप्रकार करताना सापडलेल्या विद्यार्थ्याला कोणती शिक्षा द्यायची, हे विद्यापीठाची समिती ठरवते. परंतु समिती बसण्याआधीच एक शिक्षा बहुधा भोगून झालेली असते. केंद्रावरच्या शिपायापासून तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत सर्वांना त्याचे नाव कळलेले असते आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो ‘कॉपीबहाद्दर’ झालेला असतो. ही शिक्षा कोणत्याही अध्यादेशात लिहिलेली नाही, तिच्याविरुद्ध अपील करता येत नाही आणि विद्यार्थी पुढे निर्दोष ठरला तरी ती मागे घेता येत नाही. शिस्तभंगाच्या प्रकरणात वैयक्तिक माहितीची काळजी घ्यायची ती मुख्यतः यासाठी, की जी शिक्षा देण्याचा अधिकार कोणालाच नाही ती कार्यालयाच्या ढिलाईमुळे कोणाला भोगावी लागू नये.

पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि संलग्न महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. ते प्राचार्य, परीक्षा विभागातील कर्मचारी, चौकशी समितीचे सदस्य आणि ज्यांच्यावर आरोप आहे किंवा ज्यांनी तक्रार केली आहे अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. फाइल ज्या क्रमाने पुढे सरकते, साधारण त्याच क्रमाने ते वाचावे.

कायदा काय सांगतो, थोडक्यात

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ च्या पोटकलम ५ नुसार परीक्षेतील गैरप्रकारांची चौकशी जास्तीत जास्त पाच जणांची समिती करते. असे काम न्यायिकसदृश, म्हणजे न्यायालयासारखा निवाडा करण्याचे, आहे आणि विद्यार्थ्याला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याचा निकाल रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील परीक्षा मंडळाच्या प्रकरणात १९६२ सालीच स्पष्ट केले आहे. रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा प्रतिबंधक कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २००९ ची विनियमावली आहे. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आणि आयोगाची २०१५ ची विनियमावली आहे. वाङ्मयचौर्यासाठी आयोगाची २०१८ ची विनियमावली आहे.

या सर्वांवर आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ येऊन बसला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरील बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. हा कायदा डिजिटल स्वरूपातील आणि कागदावरून डिजिटल केलेल्या माहितीला लागू आहे. त्यामुळे कपाटातला कागद त्याच्या कक्षेबाहेर असला, तरी त्याच कागदाचा मोबाइलवर फोटो काढून तो कोणाला पाठवताच तो कक्षेत येतो. कायद्याच्या कलम १७ मध्ये न्यायिक किंवा न्यायिकसदृश काम सोपवलेल्या संस्थांना बरीच सूट आहे आणि चौकशी समित्या तिचा आधार घेऊ शकतील. तथापि ती सूट विद्यार्थ्याची संमती घेणे, त्याला माहितीची प्रत देणे अशा गोष्टींपुरती आहे. माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी सूट मिळूनही कायम राहते आणि त्या जबाबदारीत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ‘आम्हाला सूट आहे’ असे म्हणणाऱ्या कार्यालयाने हे वाक्य दोनदा वाचावे.

परीक्षा केंद्रावरचा पहिला तास

सर्वांत जास्त गळती याच तासात होते. भरारी पथक किंवा पर्यवेक्षक विद्यार्थ्याला पकडतो, वर्गात आवाज चढतो, शेजारच्या वर्गातले लोक डोकावतात. अशा वेळी विद्यार्थ्याला त्याच्या बाकावरून उठवून वरिष्ठ पर्यवेक्षकाच्या खोलीत न्यावे आणि पुढील सर्व कागद तेथेच तयार करावेत. आक्षेपार्ह साहित्य, उत्तरपत्रिका, पर्यवेक्षकाचा अहवाल आणि विद्यार्थ्याचा लेखी जबाब हे चार कागद आवश्यक आहेत. त्यांवर बैठक क्रमांक, कायम नोंदणी क्रमांक, नाव, विषय, तारीख, वेळ आणि वर्गखोली एवढी माहिती पुरते. जबाब देण्यास विद्यार्थ्याने नकार दिल्यास तशी नोंद करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

अनेक केंद्रांवर या चार कागदांसोबत विद्यार्थ्याचा संपूर्ण प्रवेश अर्ज जोडण्याची पद्धत आहे. त्यात आधार क्रमांक असतो, जातीचा दाखला असतो, पालकांचे उत्पन्न असते, कधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र असते. विद्यार्थ्याच्या खिशात चिठ्ठी सापडली की नाही, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी समितीला यांपैकी काहीही लागत नाही. उलट एखाद्या सदस्याच्या मनात त्यावरून पूर्वग्रह तयार झाला, तर निर्णयच धोक्यात येतो. ओळख पटवण्यासाठी प्रवेशपत्राची प्रत पुरेशी आहे.

मोबाइल जप्त झाला असेल तर अधिक सावध राहावे. परीक्षेच्या खोलीत मोबाइल बाळगणे हाच नियमभंग असल्याने तो जप्त करण्यास हरकत नाही, पण तो उघडून व्हॉट्सॲप, फोटो किंवा कॉलची यादी चाळणे ही वेगळी बाब आहे. ‘पासवर्ड सांग, नाहीतर पोलिसांना बोलावतो’ असे म्हणून मिळवलेला होकार ही संमती नव्हे. नव्या कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि भेदरलेल्या विद्यार्थ्याकडून चार जणांच्या गराड्यात घेतलेल्या होकाराला यांपैकी एकही विशेषण लावता येणार नाही. मोबाइल कोणत्या अवस्थेत सापडला आणि पडद्यावर त्या क्षणी काय दिसत होते, ते पर्यवेक्षकाने स्वतःच्या शब्दांत अहवालात लिहावे. त्यानंतर मोबाइल बंद करून लिफाफ्यात घालावा, लिफाफ्यावर विद्यार्थ्याची सही घ्यावी आणि तो सीलबंद करावा. प्रश्नपत्रिका फुटल्यासारख्या गंभीर प्रकरणात मोबाइलमधील मजकूर पाहणे आवश्यक वाटले, तर ते काम पोलिसांचे आहे. केंद्राने लिफाफा त्यांच्या स्वाधीन करावा आणि पोच घ्यावी. प्रकरण पोलिसांकडे जाणार नसेल तर मोबाइल किती दिवसांत परत मिळेल, हेही विद्यार्थ्याला त्याच वेळी लेखी कळवावे, कारण आजच्या मोबाइलमध्ये त्याचे बँक खाते, शिष्यवृत्तीचे ओटीपी आणि घरच्यांशी संपर्क हे सारे असते.

विद्यार्थ्याचा चिठ्ठीसह फोटो काढून तो ‘परीक्षा २०२६’ अशा नावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा प्रकार तर तत्काळ बंद झाला पाहिजे. त्या गटात कनिष्ठ लिपिकापासून बाहेरगावच्या परीक्षकापर्यंत कितीतरी लोक असतात. तेथे टाकलेला फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये किती वर्षे राहील, हे सांगता येत नाही. पुराव्यासाठी छायाचित्र आवश्यक असेल तर ते साहित्याचे घ्यावे, चेहऱ्याचे घेऊ नये, आणि ते कार्यालयाच्या ई-मेलवरच पाठवावे.

नोटीस, पालक आणि सूचनाफलक

कारणे दाखवा नोटीस ज्याची त्याला मिळाली पाहिजे. विद्यार्थ्याच्या विद्यापीठीय लॉगइनवर, नोंदवलेल्या ई-मेलवर किंवा टपालाने ती पाठवावी. वर्गात शिपायामार्फत ती वाचून दाखवू नये. टपालाच्या पाकिटावर ‘गैरप्रकार प्रकरण’ असा शेरा मारण्याचीही गरज नाही. ते पाकीट गावात पोस्टमन, शेजारी आणि किराणा दुकानदार अशा तीन हातांतून जाते.

सूचनाफलकाचा प्रश्न जुना आहे. सुनावणीसाठी बोलावलेल्या विद्यार्थ्यांची यादी, नाव आणि आरोपासह, फलकावर किंवा संकेतस्थळावर लावली जाते. नावाऐवजी बैठक क्रमांक दिला की गोपनीयता पाळली गेली, असा एक समज आहे. तो फसवा आहे. कोणता क्रमांक कोणत्या खोलीत, कोणत्या बाकावर होता याची आसनव्यवस्था परीक्षेच्या दिवशी त्याच फलकावर लागलेली असते. वर्गमित्रांना क्रमांकावरून नाव काढायला दोन मिनिटे पुरतात. यादी लावणे अपरिहार्यच असेल तर सुनावणीची तारीख, वेळ आणि फक्त प्रकरण क्रमांक द्यावा. तो प्रकरण क्रमांक विद्यार्थ्याला नोटिशीतून आधीच कळवलेला असावा आणि आरोपाचा उल्लेख यादीत असू नये. निकाल राखून ठेवला असेल तर निकालपत्रकावरील संज्ञाही तटस्थ असावी. शुल्क बाकी असल्यामुळे राखलेला निकाल आणि चौकशीमुळे राखलेला निकाल बाहेरून वेगळे ओळखू येऊ नयेत.

पालकांना कळवावे का, या प्रश्नाचे उत्तर वयावर अवलंबून आहे. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या बाबतीत पालकांना कळवणे योग्यच आहे. नव्या कायद्यातही अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक समजली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील बहुसंख्य विद्यार्थी सज्ञान असतात. त्यांच्या घरी परस्पर फोन करणे ही आपल्याकडे ‘काळजी’ मानली जाते आणि या बाबतीत महाविद्यालयाचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तरीही माझ्या मते विद्यार्थ्याला आधी विचारावे. घरी कळले की शिक्षण थांबवून लग्न लावून देतील, अशी भीती असणाऱ्या मुली आजही महाविद्यालयात येतात आणि त्यांच्या बाबतीत एका फोनचा परिणाम समितीच्या कोणत्याही शिक्षेपेक्षा जड असू शकतो. विद्यार्थ्याच्या जिवाला धोका आहे अशी चिन्हे दिसली तर मात्र विचारत बसू नये. त्या वेळी जवळच्या माणसाला आणि समुपदेशकाला लगेच कळवावे आणि का कळवले याची टिपणी फाइलमध्ये ठेवावी.

सुनावणी

सर्व विद्यार्थ्यांना सकाळी दहा वाजता एकाच व्हरांड्यात बसवून एकेकाला आत बोलावण्याची पद्धत सोयीची आहे, पण त्यामुळे चाळीस विद्यार्थ्यांना एकमेकांची नावे आणि विषय कळतात. अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा ठरवून देणे फारसे अवघड नाही. हजेरीपत्रकाचेही तसेच. एकाच कागदावर सगळ्यांची नावे, आरोप आणि सह्या घेतल्या, की शेवटी सही करणारा आधीच्या सर्वांची प्रकरणे वाचूनच बाहेर पडतो. प्रत्येकासाठी वेगळा कागद ठेवावा.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच्याविरुद्धचा पुरावा दाखवणे हा त्याचा हक्क आहे आणि गोपनीयतेच्या नावाखाली तो नाकारता येत नाही. नैसर्गिक न्याय आणि गोपनीयता यांची गाठ येथेच पडते. सामूहिक गैरप्रकारात, म्हणजे एकसारख्या उत्तरांच्या दहा उत्तरपत्रिका सापडल्या असतील तर, प्रत्येकाला इतर नऊ जणांच्या उत्तरांतील सारखेपणा दाखवावा लागेल, पण त्यांची नावे, क्रमांक आणि गुण झाकून. झाकताना छायांकित प्रतीवर काळी शाई फिरवावी आणि तिची पुन्हा छायांकित प्रत काढून तीच द्यावी. संगणकावर पीडीएफमधील मजकुरावर काळी पट्टी ठेवली तरी खालचा मजकूर कित्येकदा निवडून वाचता येतो. झाकलेली पाने छापून पुन्हा स्कॅन करणे हा ओबडधोबड पण खात्रीचा उपाय आहे.

वाङ्मयचौर्याच्या प्रकरणातही साधारण हीच काळजी लागते. २०१८ च्या विनियमावलीत साम्याचे दहा टक्क्यांपर्यंत, चाळीसपर्यंत, साठपर्यंत आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. साम्य दाखवणाऱ्या अहवालात दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रकल्प त्याच्या नावासह उघडा पडू शकतो, म्हणून विभागीय समितीपुढे ठेवण्याआधी तो अहवाल तपासून घ्यावा.

विद्यार्थी आपल्या बचावासाठी कधी कधी वैद्यकीय कागद देतो. नैराश्यावरील औषधे चालू होती, अपस्माराचा त्रास होता, घरी मृत्यू झाला होता, अशी कारणे असतात. हे कागद वेगळ्या लिफाफ्यात ठेवावेत, समितीने ते पाहावेत आणि इतिवृत्तात केवळ ‘वैद्यकीय कारणाचा विचार केला’ एवढेच लिहावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आजाराच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे आणि त्या आजाराचे नाव इतिवृत्तात लिहिले, की ते परीक्षा मंडळाच्या बैठकीत, तिथून झेरॉक्सच्या दुकानात आणि पुढे कुठेही जाते.

समितीच्या सदस्यांकडून गोपनीयतेचे लेखी हमीपत्र घ्यावे. ज्या समित्यांमध्ये विद्यार्थी प्रतिनिधी बसतात तेथे तर ते अत्यावश्यक आहे. आयोगाच्या २०२३ च्या विनियमावलीनुसार नेमल्या जाणाऱ्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीत विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित असतो, आणि लैंगिक छळाचे प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर अंतर्गत समितीत तीन विद्यार्थी असतात. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला आपल्याच वसतिगृहातील मित्राचे प्रकरण ऐकून गप्प राहायचे असते. त्याला हे काम समजावून सांगणे ही अध्यक्षांची जबाबदारी आहे.

रॅगिंग आणि लैंगिक छळ

या प्रकरणांना कॉपीच्या प्रकरणाचा साचा लावू नये. येथे आरोपी विद्यार्थ्याइतकीच तक्रारदार आणि साक्षीदार यांची ओळख जपायची असते आणि नियमही अधिक कडक आहेत.

लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ सर्वांनी मुळातून वाचावे. तक्रारीतील मजकूर, पीडित स्त्री, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख व पत्ते, समेटाची आणि चौकशीची कार्यवाही, समितीच्या शिफारशी आणि झालेली कारवाई यांपैकी काहीही जनतेला किंवा प्रसारमाध्यमांना कळवता येत नाही, आणि माहिती अधिकार कायद्याचा आधार घेऊनही ही बंदी उठत नाही. एकच मुभा आहे : कोणाचीही ओळख न देता न्याय मिळाल्याची माहिती प्रसिद्ध करता येते. गोपनीयता मोडणाऱ्यास नियमांनुसार ५,००० रुपयांचा दंड आहे. रक्कम किरकोळ आहे हे मान्य, पण त्याखेरीज सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. आयोगाच्या २०१५ च्या विनियमावलीनेही पीडित, साक्षीदार आणि आरोपी यांची ओळख उघड करू नये, विशेषतः चौकशी चालू असताना, असे स्पष्टपणे म्हटले आहे.

याच विनियमावलीनुसार अंतर्गत समितीने तक्रारीची प्रत प्रतिवादीला सात दिवसांत द्यायची आणि त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे असते. म्हणजे प्रतिवादीला तक्रारदार कोण हे कळतेच. त्याला कळू नये ते तिचा सध्याचा पत्ता, नवा मोबाइल क्रमांक, वसतिगृहाची खोली आणि तिने समुपदेशकाला सांगितलेल्या गोष्टी. तक्रारीची प्रत देण्याआधी हा मजकूर झाकावा. शक्य असल्यास तक्रार लिहून घेतानाच संपर्काची माहिती वेगळ्या कागदावर घ्यावी, म्हणजे नंतर शाई फिरवण्याची वेळ येत नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्याची बंधनेही येतात. त्यात पोलिसांना कळवण्याचे बंधनही आहे, हे विसरून चालणार नाही.

रॅगिंगमध्ये तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावी, असे महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा सांगतो. आयोगाची २००९ ची विनियमावली खबर देणाऱ्याची ओळख जपण्याची हमी देते, मग तो पीडित असो की नुसता पाहणारा. प्रत्यक्षात वसतिगृहाच्या ज्या मजल्यावर दहा मुले राहतात तेथे ‘एका प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने सांगितले’ एवढे वाक्यही पुरेसे बोलके ठरते. त्यामुळे नोटिशीतील घटनेचे वर्णन कोणाच्या नजरेतून लिहिले आहे, याकडे लक्ष द्यावे. खोलीतल्या माणसालाच दिसेल असा तपशील त्यात आला, तर साक्षीदार उघडा पडतो.

साक्षीदारांची नावे आरोपीला सांगितलीच पाहिजेत का, याबाबत रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणातील १९७३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आजही उपयोगी आहे. मुलींच्या वसतिगृहात रात्री घुसून गैरवर्तन केल्याचा आरोप काही विद्यार्थ्यांवर होता. चौकशी समितीने मुलींचे जबाब आरोपींच्या अनुपस्थितीत घेतले आणि ओळख पटवण्यासाठी आरोपींची छायाचित्रे इतरांच्या छायाचित्रांत मिसळून त्यांना दाखवली. आरोपींना आरोप कळवून त्यांचे म्हणणे ऐकले, पण मुलींना त्यांच्यासमोर उभे केले नाही. यात नैसर्गिक न्यायाचा भंग झाला नाही, असे न्यायालयाने म्हटले, कारण अशा परिस्थितीत समोरासमोरच्या उलटतपासणीचा आग्रह धरला तर साक्ष द्यायला कोणीच पुढे येणार नाही. या निर्णयाचा अर्थ सरसकट लावू नये. नावे झाकली त्या प्रत्येक वेळी ती का झाकली, कोणती भीती होती आणि आरोपीला त्याऐवजी काय दिले, याची कारणे समितीने लिहून ठेवली पाहिजेत. कारणे न लिहिता झाकलेला पुरावा उच्च न्यायालयात टिकणे कठीण असते.

बाहेरून मागणी आली तर

पोलिसांनी तोंडी मागितले म्हणून फाइल देऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्रे हजर करण्याचा लेखी आदेश देता येतो, तो मागावा, आदेशात नमूद केलेलेच कागद द्यावेत आणि पोच ठेवावी. रॅगिंगमध्ये गुन्हा दिसून येत असेल तर संस्थेने स्वतःहून चोवीस तासांत प्राथमिक खबर द्यायची असते. तेथे आदेशाची वाट पाहायची नाही.

वार्ताहराला संख्या सांगता येते : अमुक विद्याशाखेत इतकी प्रकरणे, इतक्यांवर कारवाई. मात्र एखाद्या केंद्रावर एकच प्रकरण असेल तर संख्या हीच ओळख ठरते. अशा वेळी जिल्ह्याची एकत्रित संख्या द्यावी.

दुसरे महाविद्यालय किंवा नोकरी देणारी कंपनी विचारणा करते तेव्हा आधी विद्यार्थ्याच्या सहीचे संमतिपत्र मागावे, आणि पदवी, वर्ष, श्रेणी यांपलीकडे काही सांगायचे असेल तर फक्त अंतिम झालेला आदेश सांगावा. प्रलंबित चौकशी, मागे घेतलेली तक्रार, ताकीद देऊन सोडलेले प्रकरण यांचा उल्लेख करू नये. रॅगिंगच्या कायद्याखाली दोषसिद्धी झालेल्या विद्यार्थ्याला बडतर्फ करावे लागते आणि त्याला पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश देता येत नाही. तेथे माहिती कळवण्याला कायद्याचा आधार आहे, पण संशयिताला तो लागू करता येत नाही.

माहिती अधिकारात तिसऱ्याच व्यक्तीने एखाद्या विद्यार्थ्याची फाइल मागितली, तर जन माहिती अधिकाऱ्याने कलम ११ नुसार पाच दिवसांत त्या विद्यार्थ्याला कळवावे आणि त्याला म्हणणे मांडण्यासाठी दहा दिवस द्यावेत. कलम ८(१)(ञ) मध्ये नोव्हेंबर २०२५ पासून बदल झाला असून वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा आता पूर्वीपेक्षा रुंद आहे. मला हा बदल पसंत नाही. विद्यापीठाने एखाद्या वजनदार माणसाच्या मुलाला सोडून दिले का, हे तपासण्याचा मार्ग त्याने अरुंद झाला आहे. तरी कलम ८(२) मधील व्यापक सार्वजनिक हिताची कसोटी शिल्लक आहे आणि कलम १० नुसार नावे झाकून उरलेला भाग देता येतो. समितीने नियम सर्वांना सारखे लावले का, हे नावांशिवायही कळू शकते.

विद्यार्थ्याने स्वतःची फाइल कशी मागावी

चौकशी चालू असतानाच समितीच्या अध्यक्षांकडे लेखी अर्ज करून पर्यवेक्षकाचा अहवाल, स्वतःचा जबाब, जप्त साहित्याची प्रत आणि आपल्याला लागू केलेल्या अध्यादेशाची प्रत मागावी, आणि अर्जाच्या दुय्यम प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. हे कागद न मिळता सुनावणीला बसावे लागले, तर तसे त्या दिवशीच्या जबाबात लिहावे.

निर्णय झाल्यावर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ‘माझ्या प्रकरणाची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहिण्याऐवजी प्रकरण क्रमांक देऊन कागदांची नावे लिहावीत. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे. परीक्षकाचे नाव मात्र मिळत नाही. स्वतःची माहिती स्वतःलाच ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली गेली, तर ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. नोंदीत चूक असेल, उदाहरणार्थ दुसऱ्याच विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक पडला असेल, तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा करावा. माहितीच्या अर्जात तो मिसळू नये.

फाइल बंद झाल्यावर

सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क आणि ड असे वर्गीकरण रूढ आहे. त्यात अ म्हणजे कायम आणि ड म्हणजे एक वर्ष. शिस्तभंगाच्या फाइलचे काय करायचे हे ठरलेले नसले, की ती आपोआप ‘कायम’ होते, म्हणजे कोणीही जबाबदार नसलेल्या कपाटात पडून राहते. विद्यापीठाने मुदतीचा तक्ता लेखी मंजूर करून घ्यावा. अंतिम आदेशाची एक पानी नोंद दीर्घकाळ ठेवण्यास हरकत नाही, पण जबाब, छायाचित्रे, वैद्यकीय कागद आणि सीसीटीव्हीचे चित्रण अपिलाची मुदत आणि न्यायालयीन कार्यवाही संपल्यावर नष्ट करावे. निर्दोष ठरलेल्यांसाठी मुदत त्याहून कमी असावी आणि त्यांच्या नावाची नोंद शोधयादीतून काढावी. सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून प्रकरणाशी संबंधित तेवढाच तुकडा वेळेत वेगळा काढावा, अन्यथा आठवडाभराचे सगळे चित्रण कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर साठवले जाते.

गळती झालीच तर ती दडपू नये. नवे नियम लागू झाल्यावर बाधित व्यक्तीला विनाविलंब आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशीलवार कळवावे लागेल. तोपर्यंतही विद्यार्थ्याला काय फुटले, कोणाकडे गेले आणि आता काय करत आहोत, हे सांगणारे पत्र कुलसचिवांच्या सहीने जावे.

शेवटी, समितीची मुदत संपते तेव्हा सदस्यांकडे राहिलेल्या प्रतींचा हिशेब घ्यावा. सुनावणीच्या दिवशी वाटलेल्या प्रतींवर क्रमांक टाकले असतील, तर परत आलेल्या प्रती मोजणे सोपे जाते. ई-मेलवरील संलग्न फाइल, मोबाइलमधील फोटो आणि घरच्या संगणकावरील मसुदे पुसल्याचे प्रत्येकाने सहीनिशी लिहून द्यावे, आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी, तारीख व साक्षीदारासह, अभिलेख कक्षाच्या नोंदवहीत लावावी. त्या यादीत प्रकरण क्रमांक असावेत, नावे असू नयेत.